पाचवं नाव

स्फाक्स, ४ फेब्रुवारी

विदाद,

तुझा फोन लागत नाही. लागणार नाही हे कळलं आहे, म्हणून पत्र. झार्झीसचा पत्ता सलवाने दिला. तुझी चुलतबहीण आहे, त्यामुळे तिने तो सहज दिला असं समजू नकोस. केर्केना बेटावर जाणाऱ्या बोटीसाठी रांग होती. त्या रांगेत पन्नास माणसांसमोर तिने आधी माझी लाज काढली, मग तिकिटाच्या पाठीवर पत्ता लिहून माझ्या खिशात कोंबला. तिला बोलू नकोस.

मी भांडायला लिहीत नाही. विनवण्याही करणार नाही. दीड वर्षात काय घडलं तेवढं कळवतो.

कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षाला होतो. हजेरीवरून कार्यालयातल्या माणसाशी वाजलं, मी त्याचं रजिस्टर खिडकीबाहेर भिरकावलं आणि ते खाली डाळिंबाच्या गाडीवर पडलं. आई म्हणते, डॉक्टर व्हायला पाठवला होता, गल्लीतला गुंड परत आला. ती तुझ्याबद्दल विचारत नाही. एकदाच म्हणाली, "त्या मुलीसाठी घेतलेलं लग्नाचं कापड मी शेजारच्या मोलीदाच्या पोरीला देऊन टाकू का?" मी म्हटलं, राहू दे.

आता मी मोजणीचं काम करतो. मज्जासंस्थेच्या आजारांच्या आमच्या प्राध्यापिका होत्या, मादाम ओल्फा, त्यांच्याकडे. एका दुर्मीळ आजाराची माणसं दक्षिणेतल्या सात जिल्ह्यांत नेमकी किती, ते त्यांना हवं आहे. मी इस्पितळांच्या तळघरांत जाऊन जुन्या फायली वाचतो. आजाराचं नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. रोगजंतूंशी लढायची शरीराची जी व्यवस्था असते, ती चुकून स्वतःच्याच नसांवर उठते. स्नायूंना 'पुरे, आता सैल हो' असा जो निरोप जायचा, तो जातच नाही. माणूस फळीसारखा ताठ होतो. कधी कंबर, कधी पाय, कधी सगळंच. मोठा आवाज झाला, कुणी दचकवलं, तर उभ्याउभ्या कोसळतो.

जगातल्या सगळ्या पुस्तकांत एकच आकडा असतो : दहा लाखांत एक किंवा दोन. आमच्या सात जिल्ह्यांत तीसेक लाख लोक. म्हणजे तीन ते सहा सापडायला हवेत.

फॉर्मला वीस रकाने आहेत. मी नववा आधी वाचतो : 'पहिलं चुकीचं निदान कोणतं, आणि कुणी केलं.' हा रकाना रिकामा आहे असा रुग्ण अजून भेटलेला नाही. तोझरच्या एका शाळामास्तराची पाठ दोनदा कापली, मणका सरकला म्हणून. केबिलीच्या खजूरवाल्याला वेड्यांच्या इस्पितळात आठ महिने ठेवलं. हे निदान करणाऱ्यांना मी एकेकाच्या घरी जाऊन कॉलर धरून विचारणार होतो. मादाम म्हणाल्या, "तू फक्त रकाना भर."

कळावे.

शिहेब

गाबेस, २१ फेब्रुवारी

विदाद,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती. पत्र परत आलं नाही एवढं मी टिपून ठेवलं आहे.

इथल्या इस्पितळात फायलींचा तळघरवाला बूबाकर म्हणून आहे, सगळे मानाने 'सी बूबाकर' म्हणतात. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. गादीसारख्या फायली रचून त्यावर दुपारी आडवा होतो. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा एक डोळा उघडून म्हणाला,

"काय शोधतोस, बेटा?"

"अंग ताठ होणारी माणसं."

"वरच्या मजल्यावर जा. आमचे संचालक दहा वर्षं मान वळवत नाहीत."

मी हसलो नाही म्हणून त्याला राग आला. मग त्यानेच चहा केला, शेंगदाणे टाकून, आणि कामाची गोष्ट सांगितली. "फायलीवरचं नाव बघून भुलू नकोस हं. आमच्याकडे एका पुस्तिकेवर अख्खं घर दुखणं काढतं. विमा फंडाची पुस्तिका नोकरदारालाच मिळते ना? मग भाऊ आजारी, दे पुस्तिका. मेहुणी आजारी, दे पुस्तिका. मी इथे एका मिशाळ माणसाच्या नावावर बाळंतपण नोंदवलेलं बघितलंय. तिसरं बाळंतपण!"

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मुबारक म्हटलं."

हे मी मादामना फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, नाव चुकलं तरी शरीर एकच असतं, तेवढं एकदाच मोजलं गेलं म्हणजे झालं. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकातला तो आकडाही जगाचा नाही. ज्या देशांत मोजणारे होते तिथला आहे. मोजणारे आले की रुग्ण सापडतात, तोवर जिन्न सापडतात. आमच्या फॉर्मांवर नवव्या रकान्यात जिन्न दोनदा आला आहे. केर्केनाच्या लग्नात ढोल सुरू असताना एखादी पडली तर बायका काय म्हणतील ते तुला मी सांगायला नको.

चार झाले. मास्तर, खजूरवाला, गाफ्साची एक बाई, आणि इथे गाबेसमध्ये कारखान्यातला एक वेल्डर. चौघांनाही मी भेटून आलो, कारण प्रत्येकाची पडताळणी करावी लागते. वेल्डर हसरा आहे. घरात कुणी ताट आपटलं की तो भिंत धरतो आणि पोरं आपण होऊन पुतळ्यासारखी उभी राहतात, बाप सैल होईपर्यंत. त्यांना तो खेळच वाटतो.

एक गोष्ट लिहायची राहिली. कुठल्याही इस्पितळात गेलो की यादी मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी बायका. मग वय बावीस ते पंचवीस. मग पत्ता केर्केना. तसं कुणी नाही हे बघितल्यावर पहिल्या पानावर येतो. मादामना ही पद्धत माहीत नाही.

शिहेब

मेदनीन, ९ मार्च

विदाद,

पाचवी फाईल आज मिळाली.

नाव सलवा. वय चोवीस. पत्ता रेमला, केर्केना. पुस्तिका वडिलांची, पोस्टातले कारकून. एक वर्षापासून दर पाच आठवड्यांनी दोन दिवस भरती, शिरेतून औषध चढवतात. मी फाईल मिटली, आवारातल्या नळावर तोंड धुतलं, येऊन पुन्हा उघडली.

सलवा मला गेल्या महिन्यात भेटली. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन ती सुटणाऱ्या बोटीत उडी मारून चढली. तिला हा आजार असेल तर मी बे आहे, ट्युनिसचा राजा.

पुढे वाचलं. सोबत आलेली व्यक्ती : मावशी, राहणार झार्झीस. सलवाची मावशी झार्झीसला नाही, तुझी आहे. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर जुना व्रण. तो दगड कुणी मारला होता हे तुला आठवत असेल. आपण सात वर्षांचे होतो आणि तू माझ्या सापळ्यातला मासा सोडून दिला होतास.

म्हणजे आजार तुला आहे, आणि उपचार सलवाच्या पुस्तिकेवर चालले आहेत. सी बूबाकर हसला असता. मला जमलं नाही.

आता एक खोटं दुरुस्त करतो. कॉलेज मी हजेरीवरून सोडलं नाही. रजिस्टर भिरकावलं ते खरं, पण ते नंतर. त्याच सकाळी मादामच्या वर्गात गाफ्साची ती बाई आणली होती. चाळिशीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मादाम तिची परवानगी घेऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि एकदाच टाळी वाजवली. बाई खुर्चीतच ताठ झाली. पाठ कमानीसारखी, पोट लाकडासारखं. डोळे मात्र एकेकाकडे बघत होते. मादाम म्हणाल्या, "लक्षात घ्या, ती पूर्ण शुद्धीत आहे. तुम्ही जे बोलाल ते ऐकते आहे. हिला पाच वर्षं लोकांनी ढोंगी म्हटलं." मी उठलो आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. सहा महिन्यांनी मादामकडेच गेलो आणि म्हटलं, मला शिकवू नका, मोजायला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

म्हणजे मी कुणाला शोधत होतो ते आता तुला कळलं.

इथून झार्झीस भाड्याच्या गाडीने तासाभरावर आहे. गाड्या समोरच लागतात, ड्रायव्हर "झार्झीस, एकच जागा, एकच" म्हणून ओरडत असतो. मी गेलो नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही.

फाईलच्या शेवटच्या पानावर इथल्या कारकुनाने लाल शाईत लिहिलं आहे : 'रुग्णाचा विवाह २ मे रोजी. त्यानंतर वडिलांच्या पुस्तिकेवरील हक्क संपेल.' सलवा लग्न करून मेहरेझच्या घरी जाईल. मग जूनचं औषध तुला कुणाच्या नावाने देणार? ते बंद झालं की काय होतं ते मी चार जणांच्या फायलींत वाचलं आहे. इथे लिहीत नाही.

शिहेब

रेमला, केर्केना, १७ मार्च

विदाद,

पडताळणीच्या कामावर बेटावर आलो. कागदावर मला सलवाला भेटायचं होतं, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

तुझी काकू, सलवाची आई मबरूका, जिला सगळं गाव 'खालती', म्हणजे मावशी, म्हणतं, अंगणात होती. दगडावर ऑक्टोपस आपटत होती. मला बघून थांबली नाही, उलट जोर वाढवला.

"आलास? आज कुणाला ढोंगी म्हणायचं राहिलंय?"

"खालती, सलवा आहे का?"

"सलवा ठणठणीत आहे. तुला डॉक्टरकीत तेवढं तरी शिकवलं असेल. बस. नाही, तिथे नको, तिथे माणसं बसतात."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. अंगण तसंच आहे. सलवाच्या भावाच्या लग्नात ढोलवाले जिथे उभे होते तिथे आता ऑक्टोपस वाळत घातलेत. ओसरीवरचं हिरवं घड्याळ अजून चालतं.

सलवा आतून आली, हात पुसत. म्हणाली, "फाईल सापडली ना तुला? मला वाटलंच होतं. बोटीच्या रांगेत तू मोजणीचं सांगितलंस तेव्हापासून मी झोपले नाही."

"तू पुस्तिका का दिलीस?"

"का म्हणजे? तिच्या बापाला सरकारी नोकरी आहे का? मडकी टाकून ऑक्टोपस धरतो तो. आणि काय फुकट दिली? वर्षभर मला सर्दीसुद्धा होऊ दिली नाही आईने. दाढ किडली. दाताच्या डॉक्टरने पुस्तिका बघितली आणि म्हणाला, मादमोझेल, तुमच्या या आजारात मी सुईला हात लावणार नाही. मी ताठरणारी ना, कागदावर! दाढ तशीच दोऱ्याने काढली, दाराला बांधून."

"दार मी लावलं," खालती म्हणाली. तेवढ्यापुरती ती हसली. मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक आहे का, तिला सात महिने कुणी डॉक्टरकडे नेलं नाही? मी तिच्या बापाला, तिजानीला, म्हटलं, पोरगी आठवड्यातून दोनदा पडते, स्फाक्सला ने. तो म्हणाला, डॉक्टरकी शिकणारा मुलगा सगळ्या गावासमोर ढोंग म्हणून गेला, आता कुठल्या डॉक्टरकडे नेऊन आणखी शोभा करू? तिची मावशी झार्झीसहून आली आणि उचलून घेऊन गेली, म्हणून."

सात महिने. हा आकडा मला माहीत नव्हता. वहीत लिहून घेतला, काहीतरी करायला हवं म्हणून.

सलवाने पुढचं सांगितलं. मेहरेझला तिने सगळं सांगितलं आहे, त्याच्या आईला नाही. तुझ्या नावाची गरिबांसाठीची सरकारी पुस्तिका निघू शकते, पण अर्जावर सी तिजानींची सही हवी. ते म्हणतात, आजार आहे हेच कुणी ठरवलं? तुझ्या नावाचा एक कागद नाही.

मी बंदरावर गेलो. तुझे वडील मडक्यांच्या दोऱ्या सोडवत होते. मी म्हटलं, "सी तिजानी, त्या दिवशी मी चुकलो. ते ढोंग नव्हतं. तिला आजार आहे, आणि ती पूर्ण शुद्धीत होती."

ते गाठ सोडवत राहिले. सुटल्यावर म्हणाले, "तेव्हा गावात बोललास. आता कानात सांगतोस."

मला राग आला. मी पाठ फिरवली, बोटीच्या तिकीटखिडकीपर्यंत गेलो, तिकीट काढलं. मग परत येऊन बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात शिरलो. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, सगळे पत्ते खेळत होते. मी मोठ्याने बोललो. मोठ्याने बोलणं मला जमतं. म्हटलं, तिजानींच्या विदादला मी लग्नात ढोंगी म्हटलं होतं, तेव्हा मला दोन वर्षांचं शिक्षण होतं आणि अक्कल त्याहून कमी. तिला आजार आहे. दहा लाखांत एकाला होतो. कुणाला शंका असेल तर मला विचारा.

कुणीतरी म्हणालं, "दहा लाखांत एक आणि तो आपल्या बेटावर? मग लॉटरीचं तिकीट तिच्याच हातून काढा." हसले. वाईट नाही हसले. न्हावी फथीने विचारलं की जिन्न नव्हता तर मग ढोलावरच का पडली. मी त्याला सगळं समजावलं, नसा, निरोप, सगळं. तो म्हणाला, "म्हणजे तिच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही." मी म्हटलं, हो. "मग तू लांबच राहा," तो म्हणाला.

दारात सी तिजानी उभे होते. किती ऐकलं ते माहीत नाही. मला म्हणाले, "कागद आण."

शिहेब

स्फाक्स, २६ मार्च

विदाद,

सोबत एक फॉर्म आहे. पत्र वाचायचं नसेल तर फॉर्म तरी वाच.

मादामना मी सगळं सांगितलं. पुस्तिकेचंही. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी सलवाची फाईल पुढे ओढली आणि म्हणाल्या, "पडताळणीत हिला आजार आढळला नाही, असं लिहिते. खरंच आहे ते. ती मोजणीतून गेली. पण मग पाचाचे चार झाले, शिहेब. पाचवी मला तिच्या स्वतःच्या नावाने हवी."

"काय लागेल?"

"रक्त नव्याने. ते झार्झीसमध्येच घेतील, मी लिहून देते. आणि आजाराचा इतिहास नव्याने. जुन्या फाईलमधलं एक अक्षर उतरवता येणार नाही, ती दुसऱ्या बाईची आहे. पहिला झटका बघितलेला माणूस आहे का? नजर लागली, जिन्न आला, असलं नको. अंग कसं झालं होतं ते सांगू शकेल असा."

"आहे."

"कोण?"

मी फॉर्म ओढून घेतला आणि तिथेच बसून भरला. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी लिहिलेलं तुला तपासता यावं म्हणून सांगतो. पहिला झटका : गेल्याच्या आधीचा ऑगस्ट, सतरा तारीख, दुपार. कारण : ढोल आणि झोकऱ्याची सनई एकदम सुरू झाले. आधीची लक्षणं : त्या महिन्यात रुग्ण ढोलांजवळ बसायला तीनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी तुला हाताला धरून पुढे नेलं होतं, कारण माझी आई समोर बसली होती आणि त्या दिवशी ती तुझ्या आईशी आपल्या लग्नाचं बोलणार होती. मला वाटलं, तुला तो फ्रान्सहून आलेला नवरदेवाचा मित्र आवडला आहे, म्हणून तू आईसमोर यायला टाळतेस. हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही, त्याला रकाना नाही. फॉर्ममध्ये फक्त 'नेणारा : साक्षीदार स्वतः' एवढं आहे.

झटक्याचं स्वरूप : पाठ कमानीसारखी, पोटाचे स्नायू लाकडासारखे, दोन्ही पाय सरळ, जबडा घट्ट. कालावधी : दोन मिनिटं. शुद्ध : पूर्ण. डोळे बोलणाऱ्याकडे वळत होते.

बोलणारा मी होतो. शुद्ध पूर्ण, हे लिहिताना पेन थांबलं. म्हणजे 'ऊठ, नाटक पुरे' तू ऐकलंस. माझ्या आईला मी 'बघ, ही अशी आहे' म्हणालो, तेही. तोंडावर पाणी मारलं आणि तू मिटू शकली नाहीस ते डोळे मी बघितले, आणि तरी लोकांकडे वळून म्हटलं, मी शिकतो आहे, मला कळतं.

मग नववा रकाना. पहिलं चुकीचं निदान : ढोंग. कुणी केलं : शिहेब, वैद्यकीय विद्यार्थी, दोन वर्षं पूर्ण, आडनावासकट. परिणाम : उपचाराला सात महिने उशीर.

मादामनी वाचलं.  एवढंच म्हणाल्या की हा रकाना भरणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदा बघितलं, आणि अक्षर जरा नीट काढ.

पहिला रकाना मी रिकामा ठेवला आहे. नाव तुझं तू लिही. लिहायचं नसेल तर नको लिहूस. मग मोजणी चारवर थांबेल आणि मी त्यात एकही जागा खोटी भरणार नाही. पण जून येतो आहे. फॉर्म मादामच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नको. म्हणजे तुला मला उत्तर दिल्यासारखं होणार नाही.

परवा अर्ज घेऊन पुन्हा बेटावर गेलो होतो, वडिलांची सही झाली आहे. सलवाने मला स्वयंपाकघरात उभं करून कागद दाखवला. त्यांनी एवढी मोठी सही केली आहे की शिक्का मारायला जागा राहिली नाही.

शिहेब

स्फाक्स, २२ एप्रिल

विदाद,

फॉर्म काल आला. मादामनी तो माझ्या टेबलावर ठेवला, कारण नोंदी मी करतो.

रक्ताची तपासणी त्याच्या आधीच आली होती. शंका राहिली नाही. तुझ्या पुस्तिकेचं काम झालं. मादामचं पत्र आणि सी तिजानींची ती सही, दोन्ही एकाच दिवशी कचेरीत पोचली. जूनचं औषध तुझ्या नावावर मंजूर आहे, मी स्वतः बघितलं. सलवाच्या पुस्तिकेवर आता काही नाही. तिने निरोप पाठवला आहे की लग्नाआधी तिला उरलेल्या दाढा दाखवून घ्यायच्या आहेत, सरकारी खर्चाने, सूड म्हणून. तुझ्यासाठी तिने ढोलवाल्यांना नको सांगितलं, तारा छेडून ऊद वाजवणारा एक म्हातारा ठरवला आहे. खालती मबरूका गावभर सांगते की ऊदाने लग्न लागत नाही, अंत्ययात्रा लागते. पण म्हाताऱ्याला इसारा दिला तिनेच.

मी लग्नाला जाणार नाही. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. फथी न्हाव्याचं बोलणं मी लिहून ठेवलं आहे.

मोजणीचा अहवाल पुढच्या आठवड्यात जाईल. सात जिल्हे, एकूण रुग्ण पाच. आधी पाच होते, आता पाच आहेत. एक नाव गेलं, एक आलं, आकडा तोच. जगाच्या आकड्यात बसतो. तो वाचणाऱ्याला मध्ये काय झालं ते कळायचं कारण नाही.

तुझा फॉर्म मी तीनदा वाचला. पहिल्या रकान्यात तुझं नाव आहे, आजोबांच्या नावासकट, शाळेत लिहायचीस तसं. नववा रकाना तू जसाच्या तसा ठेवला आहेस. माझं नाव खोडलं नाहीस, खाली काही लिहिलंही नाहीस. ढोलांजवळ नेणाऱ्याचं तसंच. सगळ्या फॉर्मवर तुझी निळ्या शाईतली एकच दुरुस्ती आहे. 'कालावधी : दोन मिनिटं' यातल्या दोनवर रेघ मारून तू वर लिहिलं आहेस, अकरा.

तू पडलीस तिथून ओसरीवरचं हिरवं घड्याळ समोर दिसतं. मार्चमध्ये मी त्याच्याच खाली बसलो होतो.

मादामनी विचारलं, "साक्षीदार दोन म्हणतो, रुग्ण अकरा म्हणतो. काय धरायचं?"

मी म्हटलं, "साक्षीदाराने घड्याळ बघितलं नव्हतं. तो बोलत होता."

आणि अकरा लिहिलं.

शिहेब